कानाशी धरलेलं खोकं

"आमच्या दारातून निघाला तेव्हा माल धडधाकट होता," असं सिग्वाल्ड म्हणायचा. सकाळी दुकान उघडताना म्हणायचा, दुपारी फोनवर म्हणायचा. थोरल्या मुलाचा संसार मोडला तेव्हा सुनेच्या आईलाही त्यानं हेच ऐकवलं, असं लोक सांगतात. लोक काहीही सांगतात. पण हे मात्र कुणाला खोटं वाटलं नाही.

उत्तरेकडच्या आमच्या बेटावर, बोगद्यापलीकडच्या बंदराच्या शहरात कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. तिथं वॉरंटीच्या टेबलामागं सिग्वाल्ड बसायचा. त्याआधी बावीसएक वर्षं तो मासळीच्या कारखान्यात पारखी होता. बर्फानं गच्च भरलेली पेटी समोर आली की हा वाकायचा, पेटीला कान लावायचा, दोन बोटांनी टकटक करायचा आणि सांगायचा, "तळाशी शिळा माल आहे." पेटी उलटी केली की तळाशी शिळा माल निघायचा. त्या कानाचं सगळ्या बेटावर नाव होतं. बोटीवरचे दांडगे खलाशी त्याच्यापुढं टोपी काढून उभे राहायचे, आणि तो बोटं वाजवून होईपर्यंत कुणी खोकायचंसुद्धा नाही.

मग कारखाना बंद पडला. मासळी दुसऱ्या बंदराला गेली, खलाशी गेले, टोप्या गेल्या. सिग्वाल्डजवळ कान तेवढा उरला. माणसाजवळ जे उरतं त्याचाच तो धंदा करतो. सिग्वाल्डनं तो कान उचलला आणि कॉम्प्युटरच्या दुकानात नेऊन बसवला.

बिघडलेला भाग गिऱ्हाईक खोक्यात घालून परत पाठवायचं. सिग्वाल्ड ते खोकं दोन्ही हातांनी उचलायचा, कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि हळूच हलवायचा. आत खुळखुळलं तर म्हणायचा, "प्रवासात आपटलंय. वॉरंटी नाही." खुळखुळलं नाही तर म्हणायचा, "फार आवळून बांधलंय, दाबानं गेलंय. वॉरंटी नाही." आणि धड खुळखुळ नाही, धड मुकंही नाही, असं काही आलं तर डोळे उघडून गंभीरपणे म्हणायचा, "ओल." मग खोकं मागच्या माळ्यावर जायचं; ते उघडायची त्याला कधी गरज पडली नाही. मासळीची पेटी तरी तो कुठं उघडायचा? पण पेटी नंतर दुसरं कुणीतरी उलटी करून बघायचं, एवढा फरक त्याच्या ध्यानात आला नव्हता. किंवा आला होता आणि त्यानं तो माळ्यावर टाकून दिला होता, खोक्यांच्या ढिगात.

वारा, लाटा, बोट, बोगदा, घाटातली वळणं, या सगळ्यांवर त्यानं आरोप ठेवले. माल बनवणाऱ्या कारखान्यावर मात्र चुकूनही नाही. दुकानाचा मालक खूश होता. समुद्रापार माल परत पाठवायचा म्हणजे भुर्दंड; हा माणूस दारातच तो अडवत होता. नाताळच्या जेवणात मालकानं ग्लास उंच करून सांगितलं, "सिग्वाल्ड म्हणजे आपली तटबंदी आहे." दुसऱ्या दिवशी त्याला हात टेकायची खुर्ची आली. सिग्वाल्ड त्या खुर्चीत असा बसायचा की जणू खालून बोट चालली आहे आणि सुकाणू त्याच्याच हाती आहे.

आता टेर्नुविकचं ऐका. टेर्नुविक म्हणजे सिग्वाल्डचंच गाव. बोगद्याच्या या अंगाला, डोंगराच्या कुशीत, समोर काळं पाणी. घरांच्या छपरांवर गवत, गवतावर दहिवर, आणि वाऱ्याचा पत्ता विचारायची कधी गरज नाही, तो घरीच असतो. त्या गावात राकुलचं दुकान होतं. पीठ, कॉफी, गळ, मेणबत्त्या, आणि कोपऱ्यात 'फार्मुर' या पार्सल कंपनीचं टेबल. गावाची पार्सलं तिथंच यायची, तिथूनच जायची. राकुल आणि सिग्वाल्ड एका बाकावर बसून शिकलेले. शाळेत तो तिच्या वहीत बघून गणितं उतरवायचा. हे ती कधी बोलली नाही, पण विसरलीही नव्हती.

राकुलला पार्सल बांधण्याचा भारी अभिमान. ती सगळं कच्च्या लोकरीत बांधायची. मेंढ्या कातरल्या की लोकरीचा ढीग पडतो, त्याला भाव येत नाही, राकुल तो भरून ठेवायची आणि म्हणायची, "लोकरीत गुंडाळलेलं लेकरू वादळात रडत नाही, मग काच काय रडणार?" खरंच होतं ते. तिनं दिव्यांच्या काचा पाठवल्या, म्हाताऱ्यांच्या कवळ्या पाठवल्या, एकदा तर मुरांब्याची बरणी महासागरापार पाठवली. सगळं सुखरूप पोचलं. थोडा मेंढीचा वास लागायचा एवढंच. तेव्हा कॉम्प्युटरचे भागही ती लोकरीतच बांधू लागली, आणि त्यात काही चुकतंय असं गावात कुणाच्या मनातही आलं नाही. लोकर चुकते, हे वाक्य त्या बेटावर कुणी उच्चारलेलं नाही.

कज्जा सुरू झाला तो मोर्तानमुळं. मोर्तान म्हातारा खलाशी, बायको गेलेली, आवाज फुटक्या घंटेसारखा पण लांब जाणारा. गावच्या नाचात गाणं तोच सांगायचा, म्हणजे पुढं होऊन कडवं म्हणायचा आणि बाकीचे मागून उचलायचे. त्यानं कॉम्प्युटरसाठी नवा पॉवर सप्लाय मागवला. डबा आला, जोडला, बटण दाबलं, तर व्हेल फुत्कारावा तसा धूर. राकुलनं तो डबा छान लोकरीत बांधून परत पाठवला. आठवड्यानं उत्तर आलं, वॉरंटी नाही. मोर्तान स्वतः बसनं शहरात गेला.

"सिग्वाल्डा," तो टेबलावर कोपर टेकून म्हणाला, "काय रे झालं माझ्या डब्याला?"

"प्रवासात धक्का बसला, मोर्तानकाका."

"धक्का बसला? अरे, तो जळला!"

"धक्क्यानं जळतो."

"मी चाळीस वर्षं बोटीवर धक्के खाल्ले. मी जळलो का?"

"तुम्हाला वॉरंटी होती का?" सिग्वाल्ड म्हणाला, आणि आपल्या विनोदावर आपणच हसला.

मोर्तान हसला नाही. त्यानं माळ्याकडं पाहिलं. तिथं त्याचा डबा होता, राकुलनं मारलेल्या गाठीसकट. ती गाठ मोर्ताननंच तिला शिकवली होती. तशी ती दुसऱ्या कुणाला परत बांधता आली नसती. गाठ जशीच्या तशी होती. त्यानं टोपी घातली आणि गेला. सिग्वाल्डला वाटलं, जिंकलो.

जिंकलेला माणूस थांबत नाही. सिग्वाल्डनं फार्मुरला फोन करायला सुरुवात केली. "टेर्नुविकहून येणारा माल सगळा बाद येतो. ती बाई लोकरीत बांधते, लोकरीत! आमचं नाव खराब होतं." एकदा केला, दहादा केला. फार्मुरच्या माणसाचं नाव ऐदुन. पोटानं भरलेला, मनानं मोकळा, पण ऐकून ऐकून त्याचेही कान किटले. त्यानं राकुलला कळवलं: एवढ्या तक्रारी असतील तर टेबल बंद करावं लागेल.

टेबल बंद म्हणजे काय, ते राकुलला कुणी समजावून सांगायला नको होतं. पार्सलासाठी माणसं बोगद्यापलीकडं जाणार. गेली की येताना पीठ, कॉफी तिथूनच आणणार. मग दुकानात उरणार ती आणि मेणबत्त्या. शेजारच्या खोऱ्यातलं दुकान असंच गेलं होतं, आणि दुकानामागून तिथली तरणी माणसं गेली होती. राकुल रडली नाही. तिनं मोर्तानला जाऊन एवढंच सांगितलं, "काका, माझं टेबल जातंय."

"कुणामुळं?"

"सिग्वाल्डमुळं."

मोर्ताननं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग म्हणाला, "लेंटच्या उपासाआधी नाच आहे. येणार आहे का तो?"

"येतोच की दर वर्षी."

"मग येऊ दे," मोर्तान म्हणाला, आणि बोटानं टेबलावर ठेका धरला.

सिग्वाल्ड आला, आणि एकटा आला नाही. ऐदुनला त्याच्याच गाडीत बसून घेऊन आला. दुपारी त्यानं राकुलच्या दुकानात ऐदुनला लोकरीचं पोतं दाखवलं, त्यात हात घालून मूठभर काढून दाखवली. "बघा साहेब. याच्यात मदरबोर्ड बांधतात. अहो, लोकर घासली की ठिणगी पडते. या भागांना ठिणगी म्हणजे मरण." राकुलनं पोत्याचं तोंड आवळून बांधलं. ऐदुननं मान हलवली. "सोमवारी कळवतो," म्हणाला. आता खरं सांगायचं तर परत आलेल्या मालाबद्दल सिग्वाल्ड आजवर जे जे बोलला त्यात ठिणगीचं तेवढं एक वाक्य खरं होतं. पण खऱ्याला खोट्यांच्या गर्दीत उभं केलं की त्याला कोण ओळखणार?

संध्याकाळी जुन्या शाळेच्या लाकडी जमिनीवर नाच उभा राहिला. आमच्याकडं नाचाला वाद्य नसतं. हाताला हात, साखळी, दोन पावलं डावीकडं, एक उजवीकडं, आणि जमीन हाच ढोल. सिग्वाल्ड अंघोळ करून, चांदीच्या गुंड्यांचा अंगरखा घालून आला होता. साखळीत शिरला तर एका बाजूनं ब्रांदुरनं हात धरला, दुसऱ्या बाजूनं ब्रांदुरच्या भावानं. दोघं मेंढ्या कातरणारे. मेंढीला दोन पायांवर बसवून धरायचं म्हणजे हातात काय लागतं, ते ज्यानं धरलंय त्यालाच ठाऊक.

"वा," सिग्वाल्ड म्हणाला, "मोठ्या माणसांत जागा मिळाली."

"तुझ्यासाठीच ठेवली होती, दादा," ब्रांदुर म्हणाला.

मोर्ताननं पहिलं कडवं उचललं. एक शहाणा होता, त्याचा कान होता हातभर लांब, असं काहीतरी. सिग्वाल्डला वाटलं, पलीकडच्या गावच्या पाद्र्यावर आहे. तो पाद्री बहिराच होता. सिग्वाल्डनं जोरात पाय आपटला. साखळी फिरली. मग दुसरं कडवं आलं:

"खुर्चीत बसला कान लावून, खोकं धरलं उराशी,
वाजलं तरी मेलंय म्हणतो, नाही वाजलं तरी गत तशी!"

आणि सगळ्या शाळेनं धृपद उचललं:

"धरा रे हात, धरा घट्ट,
आमच्या दारी धडधाकट!"

सिग्वाल्डचं पाऊल चुकलं. टेर्नुविकची रीत जुनी आहे: ज्याची टिंगल करायची त्याला पाठीमागं नाही, मधे धरून करायची. दोन भक्कम गडी दोन्हीकडं, आणि गाणं संपेपर्यंत त्यानं आपल्याच टिंगलीवर नाचायचं. रीत त्याला पाठ होती. लहानपणी त्यानं स्वतः असं एकाला नाचताना पाहून पोट धरून हसून घेतलं होतं. पण आपला कान सगळ्या बेटाला ठाऊक आहे म्हटल्यावर, आपल्यावर कोण गाणं करेल?

त्यानं हात ओढला. हात आला नाही. मोर्ताननं तिथल्या तिथं कडवं जोडलं, की गळाला लागलेला मासासुद्धा एवढं ओढत नाही. शाळा हसली. त्यानं अंग ढिलं सोडलं. मोर्तान म्हणाला, पाहा, मालाला प्रवासात ओल लागली. शाळा लोळायची बाकी राहिली. ऐदुन साखळीत चार माणसं सोडून होता. घामानं चिंब, तोही धृपद म्हणत होता, कारण साखळीत शिरलं की तोंड बंद ठेवता येत नाही.

मग मोर्ताननं आवाज खाली आणला.

"डबे आले, डबे चढले, ढीग लागला माळ्यावरी,
सांग सिग्वाल्डा, किती उघडले? सांग गड्या, खरोखरी!"

आणि थांबला. पुढची ओळ म्हटलीच नाही. ती ओळ सिग्वाल्डची होती. तो बोलेपर्यंत गाणं पुढं जाणार नव्हतं, आणि गाणं पुढं जाईपर्यंत नाच थांबणार नव्हता.

साखळी फिरली. धृपद झालं. मोर्ताननं परत विचारलं. सिग्वाल्डनं छताकडं पाहिलं. परत साखळी फिरली. म्हाताऱ्या बाया नाचत होत्या, धाप लागली तरी नाचत होत्या. दाराशी गोड बन आणि कॉफी मांडून ठेवली होती. ऐदुनची नजर दर फेऱ्याला बनांवरून जाऊन परत यायची. समोर राकुल होती. ती हसत नव्हती. तिचे गाल लाल झाले होते, आणि डोळे सिग्वाल्डवरून हलत नव्हते. बाकी सगळ्यांचा खेळ होता. तिचं दुकान त्या न म्हटलेल्या ओळीत अडकलं होतं. सिग्वाल्डचा कान, काही झालं तरी, कान होता. दीडशे आवाजांतून त्यानं तिचा आवाज वेगळा काढला. बर्फाच्या पेटीच्या तळाशी काय आहे ते कळावं तसं त्याला कळलं, की हा आवाज भ्यालेला आहे.

"सांग की, दादा," ब्रांदुर पुटपुटला. "माझे पाय दुखायला लागले."

"सोड मला."

"गाण्यानं सोडलं तर मी सोडीन."

आणखी एक फेरा. आणखी एक. मग सिग्वाल्डनं तोंड उघडलं, आणि ज्या आवाजात तो एके काळी बंदरावर "शिळा!" म्हणून ओरडायचा, त्याच आवाजात ओरडला:

"एकही नाही! एकही उघडला नाही! झालं?"

जमीन अशी दणाणली की भिंतीवरचा राजाचा फोटो वाकडा झाला.

"पण लोकरीनं ठिणगी पडते!" तो ओरडत होता. "ते खरं आहे! लोकरीनं..."

कुणाला ऐकू गेलं नाही. ज्यांना गेलं ते हसले. मोर्ताननं शेवटचं कडवं म्हटलं आणि दोघा भावांनी हात सोडले.

ऐदुननं पहिलं बन दोन घासांत संपवलं. मग तोंड पुसत राकुलजवळ आला. "बाई, टेबल राहू द्या. मी सोमवारी काय सांगणार वर? हे गाणं माझ्या आधी शहरात पोचेल."

"म्हणजे बंद नाही ना?"

"ज्या डब्यात काय आहे हेच त्यानं पाहिलं नाही, त्याचा दोष तुम्हाला कसा द्यायचा? आणखी एक बन आहे का?"

राकुलनं त्याला ताट दिलं आणि शाळेच्या बोळकंडीत गेली, जिथं कोट टांगलेले होते. तिला क्षणभर एकटं उभं राहायचं होतं. अंधार होता. नाचून अंग तापलं होतं म्हणून तिनं लोकरीचा अंगरखा डोक्यावरून ओढून काढला. चट् चट् चट्, असा बारीक आवाज झाला, आणि तिच्या बोटांपाशी, केसांपाशी निळ्या ठिणग्या चमकल्या. ती तशीच उभी राहिली. आपण बांधलेल्या सगळ्या गाठोड्यांचा तिनं मनात एक फेरा घेतला. मग मान वळवली.

कोटांमागं सिग्वाल्ड आपला कोट शोधत होता.

त्याचा हात एका कोटावरच थांबला होता. आत ऐदुन होता, तोंड भरलेला, दहा पावलांवर. सिग्वाल्डनं एक हाक मारायचा अवकाश होता.

"ऐकलंस तू?" राकुलनं विचारलं.

सिग्वाल्डनं कोटाच्या बाहीत हात घातला, चुकीच्या बाहीत, मग काढून बरोबर घातला. "मला आता काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. "सगळ्या गावानं कानात बोंब मारलीय."

"मी कागदात बांधीन. चुरगळून."

"बांध. गाठ मात्र मोर्तानकाकाची नको. सुटत नाही मेली."

"तुला कसं कळलं सुटत नाही ते?"

सिग्वाल्डनं खिसे चाचपले. मग म्हणाला, "एकदा बघितलं होतं ओढून. काका येऊन गेल्यावर." आणि गुंड्या लावू लागला.

"मग उघडलास का नाही?"

"सुटेना म्हणून," तो म्हणाला, आणि ते खरं होतं की नाही हे त्याच्या तोंडाकडं पाहून राकुललाही कळलं नाही. तिनं अंगरखा परत घातला, बाह्या सरळ केल्या आणि आत गेली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. आजही टेर्नुविकमध्ये लोकर चुकत नाही.

सिग्वाल्ड आला होता ऐदुनच्या गाडीतून. पण ऐदुन दुसऱ्या गाण्याच्या साखळीत शिरला होता आणि त्याला गाडीची आठवण उरली नव्हती. सिग्वाल्डनं दोनदा दारातून डोकावून पाहिलं, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग कॉलर वर करून तो रस्त्याला लागला, बोगद्याच्या तोंडाशी बस थांबते तिकडं. चढाचा रस्ता, बाजूला ओल्या कुंपणाच्या भिंती, खाली समुद्राचा श्वास. चांदीच्या गुंड्या कोटाखाली लपल्या होत्या. तो ताठ चालत होता, फार ताठ.

शाळेच्या पायरीवर मोर्तान घसा शेकायला कॉफीचा पेला धरून बसला होता, त्याच्या मागं ब्रांदुर मनगटं चोळत उभा.

"चाललाय की रे ठेक्यात," ब्रांदुर म्हणाला.

मोर्ताननं डोळे बारीक केले. "अजून नाचतोय का, दोन डावीकडं, एक उजवीकडं?"

"नाही. सरळ चाललाय."

"मग बरं आहे," मोर्तान म्हणाला. त्यानं घोट घेतला. कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या, सिग्वाल्ड जवळून जाईपर्यंत त्याला निरखलं आणि परत गवतात घातल्या. दोघं पायरीवरून बघत राहिले, वळणावरचा दिवा त्याच्या पाठीवर पडेपर्यंत, आणि मग पाठही दिसेनाशी होईपर्यंत.